फाईल गेली, पण पोचली का?

पगाराच्या आदल्या रात्री कंपनीचा प्रोग्राम बँकेच्या सर्व्हरशी जोडणी करतो, फाईल टाकतो, लॉगमध्ये 'सक्सेस' अशी नोंद करतो आणि मोकळा होतो. सकाळी निम्म्या कामगारांचा पगार जमा, निम्म्यांचा नाही. चोरी झाली का? नाही. पाठवणारा प्रोग्राम फाईल लिहीत असतानाच उचलणाऱ्या प्रोग्रामने ती अर्धीच उचलली.

त्यानंतरच्या बैठकीतलं पहिलं वाक्य ठरलेलं असतं. "आम्ही एसएफटीपी वापरतो, सगळं सुरक्षित आहे."

सुरक्षित काय आहे? वाट. फक्त वाट.

वाटेत कोणी फाईल वाचू शकत नाही, वाटेत कोणी तिच्यातलं अक्षर बदलू शकत नाही. ही थोडीथोडकी गोष्ट नाही. पण फाईल पूर्ण गेली का, पलीकडचा सर्व्हर खरा आहे का, तीच फाईल दोनदा तर गेली नाही ना, हे बघायचं काम प्रोग्राम लिहिणाऱ्याचं आहे. आणि नेमकं तेच काम आपल्याकडे कोणी करत नाही.

आधी थोडा इतिहास, कारण खोड जुनी आहे.

१६ एप्रिल १९७१ला एफटीपीचा पहिला आराखडा निघाला, आरएफसी ११४. तो लिहिणारे अभय भूषण आयआयटी कानपूरच्या पहिल्या तुकडीचे, तेव्हा अमेरिकेत एमआयटीमध्ये होते. इंटरनेटचा पूर्वज असलेल्या अर्पानेटवर मोजकी यंत्रं होती आणि ती चालवणारे बहुतेक एकमेकांच्या ओळखीचे. पासवर्ड तारेवरून उघडा गेला तरी तो चोरणार कोण?

१९९५मध्ये उत्तर मिळालं. हेलसिंकीच्या तंत्रज्ञान विद्यापीठाच्या नेटवर्कवर कोणीतरी चोरून ऐकणारा प्रोग्राम बसवला आणि पासवर्ड गोळा केले. तिथल्या तातू युलोनेन या संशोधकाने वैतागून काही महिन्यांत एसएसएच, म्हणजे सगळी जोडणीच कूटलेखनात गुंडाळणारा प्रोटोकॉल, लिहिलं आणि जुलैमध्ये जगाला वापरायला देऊन टाकलं. एफटीपीचं पोर्ट २१, टेलनेटचं २३, मधलं २२ रिकामं होतं. त्याने ते ई-मेल करून मागितलं आणि दुसऱ्या दिवशी त्याला मिळालं. आज जगभरातले सर्व्हर याच नंबरवर दार उघडतात.

क्रोम आणि फायरफॉक्सने २०२१मध्ये एफटीपी काढून टाकलं. तरी "एफटीपीच आहे ना, टाका की" हे वाक्य अजून ऐकू येतं.

दुसरा गोंधळ नावांचा. एफटीपीवर टीएलएसचं कूटलेखन चढवलं की ते एफटीपीएस. एसएफटीपी हा एसएसएचच्या आत चालणारा पूर्णपणे वेगळा प्रोटोकॉल. एफटीपीशी त्याचं रक्ताचं नातं नाही. समोरची कंपनी पत्रात एसएफटीपी लिहिते आणि पोर्ट २१ देते. मग दोन्हीकडची माणसं फायरवॉलला दोष देत बसतात.

आता प्रोग्राम प्रत्यक्षात काय करतो ते बघू.

तो सर्व्हरला सांगतो, अमुक नावाची फाईल लिहायला उघड. सर्व्हर एक हँडल, म्हणजे त्या उघड्या फाईलची खूण, देतो. मग प्रोग्राम तुकडे पाठवतो, प्रत्येक तुकड्याबरोबर तीन गोष्टी: हँडल, फाईलमध्ये कितव्या बाइटपासून लिहायचं तो आकडा, आणि मजकूर. प्रत्येक तुकड्याला सर्व्हर उत्तर देतो, झालं किंवा नाही झालं. शेवटी बंद करण्याचा निरोप जातो, त्यालाही उत्तर येतं. बस्स. यात 'फाईल पोचली' असा निरोप कुठे दिसला?

नाही. तुकडे पोचल्याचे निरोप आहेत. फाईल पूर्ण झाली हे सर्व्हरला माहीतच नसतं. ती केवढी होणार होती हे त्याला कोणी सांगितलेलंच नसतं.

म्हणजे मध्येच जोडणी तुटली तर पलीकडे काय उरतं? योग्य नावाची, योग्य फोल्डरमधली, अर्धी फाईल. उचलणाऱ्याने तिच्यावर संशय का घ्यावा?

उपाय जुना आहे. फाईल आधी तात्पुरत्या नावाने लिहायची. बंद करायची. आकार जुळवायचा. मग एका फटक्यात नाव बदलून खरं नाव द्यायचं. नाव बदलण्याची क्रिया एकाच फाईलसिस्टिमवर अखंड असते, त्यामुळे उचलणाऱ्याला एक तर पूर्ण फाईल दिसते, नाही तर काहीच दिसत नाही. विनएससीपी हा फाईल पाठवणारा प्रोग्राम मोठ्या फाईलींच्या नावाला चढवताना 'फाईलपार्ट' असं शेपूट लावतो, त्यातही हेच तत्त्व आहे. चार ओळींचं काम.

त्या चार ओळी किती प्रोग्राममध्ये आहेत?

असल्या तरी एक खाच आहे. आज सर्रास चालणारी एसएफटीपीची आवृत्ती ३ आहे आणि तिच्या नियमाप्रमाणे त्या नावाची फाईल आधीच असेल तर नाव बदलणं नाकारलं जातं. ओपनएसएसएच या एसएसएचच्या सॉफ्टवेअरने त्यासाठी वेगळी 'पॉझिक्स रीनेम' सोय दिली आहे, जी जुनी फाईल हटवून नवी बसवते. ज्याला ही सोय माहीत नाही तो काय करतो? आधी जुनी फाईल पुसतो, मग नव्या फाईलचं नाव बदलतो. मधल्या क्षणी जोडणी तुटली की खऱ्या नावाखाली जुनीही नाही आणि नवीही नाही.

आणि आवृत्ती ३ का? कारण हा प्रोटोकॉल कधी पक्का झालाच नाही. एसएसएचला जानेवारी २००६मध्ये अधिकृत आरएफसी मिळाले. एसएफटीपीचे मसुद्यामागून मसुदे निघाले, २००६मध्ये तेरावा निघाला आणि काम तिथेच थांबलं. ओपनएसएसएच आजही २००१च्या मसुद्यावर चालतं. इतका पैसा ज्यावरून फिरतो, त्याचा कागद अजून मसुदाच आहे.

त्याचा फटका कुठे बसतो? चूक सांगणाऱ्या निरोपात.

आवृत्ती ३मध्ये उत्तराचे संकेत शून्य ते आठ, एवढेच. फाईल सापडली नाही याला संकेत आहे, परवानगी नाही याला आहे. डिस्क भरली याला नाही. कोटा संपला याला नाही. त्या नावाची फाईल आधीच आहे, यालाही नाही. सगळ्यांसाठी एकच: चार नंबर, 'फेल्युअर'. नंतरच्या मसुद्यांत डिस्क भरल्याचा वेगळा संकेत आला, पण ते मसुदे सर्रास वापरात आलेच नाहीत.

मग रात्री दोन वाजता फोन आलेल्या मुलाने लॉगमध्ये काय वाचायचं? 'फेल्युअर'. कशाचं?

म्हणून लॉगमध्ये लिहायला हवं: कोणती फाईल, किती बाइट गेले, कोणत्या पायरीवर अडलं, उघडताना, लिहिताना, बंद करताना की नाव बदलताना. सर्व्हर सांगत नाही, निदान आपण तरी सांगू. पण आपल्या प्रोग्राममध्ये काय असतं? चूक पकडायची, गिळायची आणि पुढे जायचं.

बंद करण्याच्या पायरीवर जरा थांबतो, कारण तिथे फार लोक फसतात.

त्यासाठी आधी वेगाचं गणित. मुंबईहून अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावरच्या सर्व्हरला निरोप जाऊन उत्तर यायला साधारण २०० मिलिसेकंद लागतात. एक गिगाबाइटची फाईल ३२ किलोबाइटच्या तुकड्यांत पाठवली तर तुकडे होतात ३२,७६८. प्रत्येक तुकड्यानंतर उत्तराची वाट बघितली तर नुसत्या वाट बघण्यातच पावणेदोन तासांहून जास्त वेळ जातो. लाइन कितीही वेगवान घ्या, हा वेळ कमी होत नाही. तरी तक्रार आली की मॅनेजर आधी बँडविड्थ वाढवायचा अर्ज करतो.

खरा उपाय म्हणजे उत्तराची वाट न बघता तुकडे पाठवत राहायचं आणि उत्तरं मागाहून गोळा करायची. ओपनएसएसएचचा एसएफटीपी क्लायंट एका वेळी ६४ मागण्या हवेत ठेवतो. पायथॉनमधल्या पॅरामिको या लायब्ररीत फाईल स्वतः उघडून लिहीत असाल तर ही सोय चालू करावी लागते. अख्खी फाईल चढवणारा तयार आदेश ती स्वतःच चालू करतो.

पण मग शेवटच्या तुकड्यांच्या चुका कधी कळणार? बंद करताना. डिस्क अखेरच्या टप्प्यात भरली, तर लिहिण्याच्या ओळीवर काहीच आक्षेप येत नाही. आक्षेप येतो तो फाईल बंद करण्याच्या ओळीवर. पॅरामिकोच्या दस्तऐवजात हे स्वच्छ लिहिलं आहे. आणि 'बंद करताना काय चूक होणार' म्हणून नेमक्या त्याच ओळीवरची चूक सर्रास गिळली जाते.

मग लॉगमध्ये काय येतं? 'सक्सेस'.

पॅरामिकोचा चढवण्याचा आदेश काम झाल्यावर सर्व्हरला फाईलचा आकार विचारतो आणि तो जुळला नाही तर चूक दाखवतो. चांगली सवय आहे. पण काही सर्व्हर फाईल पडली रे पडली की उचलून दुसरीकडे नेतात, आणि आकार विचारायला जावं तर फाईलच जागेवर नाही. चूक येते. यावर सगळीकडे चालणारा इलाज कोणता? पडताळणीच बंद करणं. एक शब्द बदलला, चूक गेली, तिकीट बंद.

चूक गेली नाही. चूक सांगणारा गेला.

आकार जुळला म्हणजे मजकूर जुळला असंही नाही. सर्रास चालणाऱ्या एसएफटीपीत पलीकडच्या फाईलचा चेकसम, म्हणजे मजकुरावरून काढलेला पडताळणीचा आकडा, मागायची ठरलेली सोय नाही. म्हणून फाईलबरोबर तिचा एसएचए-२५६ चेकसम वेगळ्या छोट्या फाईलमध्ये पाठवायचा आणि उचलणाऱ्याने तो जुळवूनच पुढे जायचं. बँकांच्या जुन्या मंडळींना याहून साधी गोष्ट ठाऊक होती: फाईलच्या शेवटच्या ओळीत एकूण नोंदी किती आणि एकूण रक्कम किती. ट्रेलर. शेवटची ओळ नसेल तर फाईल अर्धी, बेरीज जुळत नसेल तर फाईल खोटी. अर्ध्या फाईलवरून पगार वाटला जाणं त्या एका ओळीने थांबतं.

ती ओळ काढून टाकली कोणी? सीएसव्ही सुटसुटीत हवी म्हणणाऱ्यांनी.

आणखी एक दुखणं, पुन्हा पाठवण्याचं. फाईल गेली, सर्व्हरचं शेवटचं उत्तर यायच्या आत लाइन तुटली. प्रोग्रामला वाटतं, गेली नाही. तो पुन्हा पाठवतो, नव्या वेळेचा शिक्का असलेल्या नव्या नावाने. पलीकडच्याला दोन फाईली दिसतात. पहिल्या प्रसंगात कामगाराला पगार मिळाला नाही, इथे पुरवठादाराला दोनदा पैसे गेले. पहिल्यात बोंब लगेच होते. दुसऱ्यात कोणी बोलत नाही.

फाईलचं नाव वेळेवरून ठरवू नका, कामावरून ठरवा. अमुक तारखेचा अमुक क्रमांकाचा पगार, त्याचं नाव एकच. शंभरदा पाठवलं तरी तेच नाव. उचलणाऱ्यानेही एकदा घेतलेला क्रमांक पुन्हा घ्यायचा नाही, आणि घेतल्याची पोचपावती म्हणून उलट एक फाईल ठेवायची. ती येईपर्यंत लॉगमध्ये 'गेली' लिहा, 'पोचली' लिहू नका.

मराठी वाचकांसाठी जाता जाता एक गोष्ट. आवृत्ती ३मध्ये फाईलच्या नावातली अक्षरं बाइटमध्ये कशी मांडायची हे ठरलेलंच नाही. 'पगारपत्रक जून' असं देवनागरीत नाव द्याल, तर पलीकडे काय उमटेल याची हमी कोणी देत नाही. फाईलच्या आत मराठी खुशाल लिहा, यूटीएफ-८ ठरवून घ्या. नावाच्या बाबतीत तेवढा हट्ट सोडा.

आता ज्यावर खरा राग आहे तिथे येतो.

जोडणी होताना सर्व्हर आपली ओळख सांगतो, होस्ट की दाखवतो. ती आपल्याकडे आधीच नोंदलेली असेल आणि जुळली तर समोरचा सर्व्हर खरा. नोंदच नसेल तर? पॅरामिकोच्या नेहमीच्या क्लायंटची मूळ वागणूक म्हणजे नकार. जोडणी होतच नाही. बनवणाऱ्याने विचार करून ठेवलेली गोष्ट आहे ही.

आणि वापरणारा पहिलं काय करतो? 'ऑटोअ‍ॅडपॉलिसी'. अनोळखी की आली की निमूट स्वीकार.

सोसायटीचा वॉचमन येईल त्याला "या साहेब" म्हणत आत सोडायला लागला तर त्याला पगार कशाचा देता?

बचाव ठरलेला: "पहिल्यांदाच तर स्वीकारतो, नंतर की बदलली तर अडवेलच." अडवेल, पण पहिली की कुठे लिहून ठेवली असेल तर. नोंदीची फाईल दिलेली नसेल तर ती की फक्त मेमरीत राहते, प्रोग्राम संपला की पुसली जाते. त्यात आता प्रत्येक काम नव्या कोऱ्या कंटेनरमध्ये चालतं. म्हणजे रोज रात्री पहिलीच भेट. रोज रात्री नव्याने विश्वास.

याहून वाईट नमुनाही फिरतो. क्लायंट न वापरता थेट ट्रान्सपोर्ट उघडायचा, युजरनेम-पासवर्ड द्यायचा आणि एसएफटीपी सुरू करायचं. पाच ओळी, सुटसुटीत, म्हणून सगळे तेच उचलतात. या वाटेने गेलात आणि अपेक्षित की हातात दिली नाहीत तर पॅरामिको सर्व्हरची की तपासतच नाही. तिथे धोरण सैल केलेलं नाही, धोरणच नाही. जावावाल्यांचं दुखणंही तेच: 'स्ट्रिक्ट होस्ट की चेकिंग' या सेटिंगपुढे 'नो'.

मधे कोणी घुसलं तर काय होतं? पासवर्डने आत जात असाल तर पासवर्ड त्याच्या हातात, आणि उद्यापासून तो तुमच्या नावाने खऱ्या सर्व्हरवर. पासवर्डऐवजी की वापरत असाल तर तुमची सही त्याला खऱ्या सर्व्हरकडे पुढे चालवता येत नाही, एवढं नशीब. पण त्याला तसं करायची गरज काय? तो तुम्हाला "या" म्हणतो, फाईल घेतो, सगळ्या तुकड्यांना 'झालं' म्हणून उत्तर देतो. सगळ्या ग्राहकांचे खाते क्रमांक उत्तम कूटलेखनात चोराच्या घरी पोचतात.

आणि लॉगमध्ये पुन्हा 'सक्सेस'.

"असं कुठे होतं हो?" हा पुढचा प्रश्न. २४ मार्च २०२३ आठवा. गिटहबची आरएसए होस्ट की चुकून थोडा वेळ एका सार्वजनिक रेपॉझिटरीत उघडी पडली आणि त्यांनी ती तातडीने बदलली. जगभरातल्या प्रोग्रामरांच्या पडद्यावर मोठ्या अक्षरांत इशारा आला, समोरच्या सर्व्हरची ओळख बदलली आहे. गिटहबने नव्या कीचा ठसा जाहीर केला होता. तो जुळवायचा, मग जुनी नोंद काढून नवी घालायची. दोन मिनिटांचं काम. ज्यांच्या प्रोग्राममध्ये तपासणीच बंद होती, त्यांना त्या दिवशी काही कळलंच नाही. त्यांच्या बाबतीत की गिटहबने बदलली काय आणि चोराने बदलली काय, फरक शून्य.

यावर करायचं काय? समोरच्या कंपनीच्या माणसाला फोन करा. कीचा ठसा तोंडी जुळवा. नोंदीची फाईल कोडबरोबर ठेवा, तपासणी चालू ठेवा. की बदलणार असेल तर आधी कळवण्याची अट करारात घाला. बदलली आणि कळवलं नाही तर काम थांबू द्या.

"काम थांबलं तर साहेब ओरडतात." ओरडू देत. थांबलेलं काम सकाळी दिसतं आणि दुपारपर्यंत सुरू होतं. गेलेली फाईल परत येत नाही.

आता सर्व्हरच्या बाजूची मंडळी. त्यांनी हसायचं कारण नाही.

बाहेरच्या माणसाला एकाच फोल्डरमध्ये कोंडून ठेवायची सोय ओपनएसएसएचमध्ये आहे. अट एकच: कोंडायचं फोल्डर रूटच्या मालकीचं हवं आणि इतर कोणाला त्यात लिहिता येता कामा नये. अट मोडली तर आत यायलाच मिळत नाही. बरोबर तोडगा म्हणजे त्याच्या आत 'अपलोड' नावाचं दुसरं फोल्डर करून त्याची मालकी त्या युजरला द्यायची. प्रत्यक्षात काय होतं? सगळ्यांना सगळी परवानगी, ७७७, दिली जाते. तरी आत येता येत नाही, तेव्हा कोंडणंच काढून टाकलं जातं. पाहुण्याला एका खोलीत बसवायचं होतं, अख्खा सर्व्हर मोकळा झाला.

आणि आलेल्या फाईली? त्या तिथेच पडून. गेल्या महिन्याच्या, गेल्या वर्षीच्या. मे २०२३मध्ये क्लॉप या टोळीने मूव्हइट या फाईल पाठवण्याच्या उत्पादनावर हल्ला केला. शिरकाव वेब बाजूच्या एसक्यूएल इंजेक्शनमधून झाला, एसएफटीपीतून नव्हे. फाईली वाटेत चोरीला गेल्या नाहीत, सर्व्हरवर मुक्कामाला होत्या तिथून गेल्या. मुक्काम लांबवायचा कशाला? उचलली, जुळवली, पोचपावती ठेवली की तिथून हलवा. रिकाम्या फोल्डरमधून चोर काय नेणार?

आपल्याकडचा कायदाही आता झोपलेला नाही. सर्ट-इन या सरकारी सायबर सुरक्षा संस्थेच्या एप्रिल २०२२च्या निर्देशांनुसार सायबर घटना लक्षात आल्यापासून ६ तासांत कळवायची आणि लॉग १८० दिवस जपायचे. २०२३च्या वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात पुरेशी काळजी न घेतल्याचा दंड २५० कोटी रुपयांपर्यंत जाऊ शकतो. १८० दिवसांचे लॉग जपून त्यात फक्त 'सक्सेस' आणि 'फेल्युअर' असेल, तर ६ तासांत कळवणार काय?

हिंजवडी असो की ऐरोली, असले प्रोग्राम लिहिणारी मुलं हुशार आहेत. त्यांना पॅरामिको येतं, जावा येतं, क्लाउड येतो. त्यांना वेळ दिला जात नाही. अंदाजपत्रकात 'फाईल ट्रान्सफर: अर्धा दिवस' एवढंच लिहिलेलं असतं. अर्ध्या दिवसात फाईल जाते. अर्धी फाईल, दुबार फाईल, भरलेली डिस्क, बदललेली की यांचा विचार करायला आणखी दोन दिवस लागतात, आणि ते दोन दिवस कापणारा माणूस घटनेच्या रात्री फोनवर नसतो. राग त्या मुलांवर काढू नका. ज्याने अर्धा दिवस लिहिला, त्याला विचारा.

आणि वेळ दिला, लक्ष दिलं तर काय होतं? मार्च २०२४मध्ये आंद्रेस फ्रॉइंड या अभियंत्याला एसएसएचने आत जायला नेहमीपेक्षा साधारण अर्धा सेकंद जास्त लागतोय असं दिसलं. त्याने ते सोडून दिलं नाही. मागोवा घेत गेला आणि एक्सझेड या लायब्ररीत कोणीतरी लपवलेलं चोरदार सापडलं, ते अजून बहुतेक सर्व्हरांपर्यंत पोचायचं होतं. त्याच्या जागी 'चालतंय ना' म्हणणारा असता तर?

आपल्याकडे अर्धा सेकंद राहू द्या. निदान एक फाईल उघडून बघा. सर्व्हरवर प्रत्येक युजरच्या फोल्डरात 'ऑथराइज्ड कीज' नावाची फाईल असते; कोणाच्या की चालवून घ्यायच्या त्याची यादी. एका ओळीत एक की. ओळीच्या शेवटी बहुधा टिप्पणी असते, की ज्या लॅपटॉपवर तयार झाली त्यावरचं युजरचं नाव आणि यंत्राचं नाव. यादी वरपासून खालपर्यंत वाचा. मग एचआरला विचारा, यातले किती जण अजून नोकरीत आहेत?